अर्थशास्त्र आणि व्यापाराचं गणित शिकताना: टॉवेल, कांदा आणि डाळिंबाच्या आकड्यांवर

बी.कॉम.ला असा, एम.ए. अर्थशास्त्राची तयारी करत असा, किंवा सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचा हिशेब सांभाळत असा, लागणारं गणित मोजकंच आहे. टक्के, घात आणि लॉग, चक्रवाढ व्याज, डेरिव्हेटिव्ह, वर्तमान मूल्य, रेषीय नियोजन. बारावीपर्यंतचं गणित झालेलं असेल तर रोज पाऊण तास देऊन दहा-बारा आठवड्यांत हे सगळं हाताखाली येतं. दहावीनंतर गणित सुटलेलं असेल तर पहिले तीन आठवडे फक्त टक्के, घात आणि समीकरणं करा. तिथे घाई केली तर पुढे प्रत्येक पानावर अडाल.

या विषयात बहुतेक चुका गणिताच्या नसतात, एककाच्या आणि काळाच्या असतात. वार्षिक दर महिन्याच्या हप्त्यात घातला जातो, क्विंटलचा भाव किलोच्या वजनाला गुणला जातो, यंदाचे रुपये आणि पाच वर्षांनंतरचे रुपये एकाच बेरजेत येतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावून घ्या. आकडा एकटा लिहायचा नाही. त्याच्या शेजारी एकक लिहायचं (रुपये प्रति नग, किलो प्रति आठवडा, टक्के प्रति महिना) आणि पैसा असेल तर तो कधीचा आहे तेही लिहायचं. सुरुवातीला हे रटाळ वाटतं, पण सूत्र चुकीचं लावलं तर उत्तराचं एकक विचित्र निघतं आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

खालचे सगळे आकडे पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत. जमेल तिथे ते काढून स्वतःचे घाला.

टक्के: कशाचे, ते आधी लिहा

कांद्याचा भाव क्विंटलला २,००० रुपये होता, ४० टक्के पडला, मग ४० टक्के चढला. तो परत २,००० होत नाही, १,६८० होतो. पहिले ४० टक्के दोन हजारांचे होते, दुसरे बाराशेंचे. मूळ भावाला परत यायला ६६.६७ टक्के चढ लागते. टक्क्यांची बेरीज-वजाबाकी करायची सवय सोडा आणि गुणक वापरा: ४० टक्के घट म्हणजे गुणिले ०.६०, ४० टक्के वाढ म्हणजे गुणिले १.४०. गुणक एकमेकांना गुणता येतात, टक्के बेरजेत धरता येत नाहीत.

हीच चूक करासकट रकमेत होते. बिल ११,८०० रुपये आहे आणि त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, तर मूळ किंमत ११,८०० भागिले १.१८, म्हणजे १०,००० रुपये. ११,८०० मधून १८ टक्के वजा करणारा ९,६७६ वर पोहोचतो आणि ३२४ रुपयांचा फरक कुठून आला ते शोधत बसतो. नफ्याचंही तसंच. ८० रुपयांना पडलेला टॉवेल १०० ला विकला तर खर्चावर नफा २५ टक्के आणि विक्रीवर २० टक्के. दोन्ही बरोबर आहेत, पण ‘२० टक्के सुटतात’ असं कुणी म्हटलं की कशावर, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

व्याज: घात इथे पक्के होतात

खासगी व्यवहारात व्याज ‘शेकडा दोन’ असं सांगतात, म्हणजे महिन्याला २ टक्के. वर्षाचे सरळ २४ होतात. व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवलं तर १.०२ चा बारावा घात, १.२६८२, म्हणजे वर्षाला २६.८२ टक्के. शेकडा तीनचे ३६ नव्हे, ४२.५८ होतात. दर जितका मोठा, तितकी सरळ आणि चक्रवाढीतली दरी रुंद होते.

रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात यासाठी ७२ ला दराने भागायची युक्ती सर्वांना ठाऊक असते. १२ टक्क्यांना ती ६ वर्षं सांगते. खरं उत्तर २ चा लॉग भागिले १.१२ चा लॉग, म्हणजे ६.१२ वर्षं. इथे युक्ती चालते. ३६ टक्क्यांना ती २ वर्षं सांगते आणि खरं उत्तर २.२५ येतं. १५ टक्क्यांच्या वर लॉगच वापरा.

आता मासिक हप्ता. ५ लाखांचं कर्ज, वार्षिक १२ टक्के, ६० महिने. पायऱ्या अशा:

१. दर महिन्यावर आणा: ०.१२ भागिले १२ = ०.०१.
२. १.०१ चा ६० वा घात काढा: १.८१६६९७.
३. त्याचा व्यस्त घ्या: ०.५५०४५०.
४. तो १ मधून वजा करा: ०.४४९५५०.
५. मुद्दल गुणिले मासिक दर, म्हणजे ५,०००, याला त्याने भागा: ११,१२२ रुपये.

साध्या कॅल्क्युलेटरवर घात काढायला १.०१ दाबा, गुणाकाराचं बटण दाबा, मग बरोबरचं बटण दाबत राहा. घातापेक्षा एक वेळ कमी. साठाव्या घाताला ५९ वेळा दाबताना मोजणी चुकते, म्हणून आधी ९ वेळा दाबून दहावा घात घ्या (१.१०४६२२), पुन्हा गुणाकार आणि ५ वेळा बरोबर. काही कॅल्क्युलेटर गुणाकाराचं बटण दोनदा मागतात, तेव्हा आधी २ चा घात काढून तपासा: एकदा दाबल्यावर ४ आणि दुसऱ्यांदा ८ यायला हवेत.

तिसऱ्या पायरीत ०.५५०४५० ऐवजी ०.५५ घेतलं तर हप्ता ११,१११ येतो. महिन्याला ११ रुपयांचा फरक, साठ महिन्यांत साडेसहाशेच्या वर. मधल्या पायऱ्यांत सहा दशांश ठेवा आणि फक्त शेवटचं उत्तर पूर्ण रुपयांत आणा. पहिल्या पायरीत मासिक दराऐवजी ०.१२ घातला तर हप्ता ६० हजारांच्या वर जातो. पाच लाखांच्या कर्जाला साठ महिने ६० हजार, हे वाचताक्षणी खटकायला हवं. म्हणून उत्तर काढण्याआधी अंदाज लिहा: मुद्दल भागिले महिने म्हणजे ८,३३३, त्यावर पहिल्या महिन्याचं व्याज ५,०००. खरा हप्ता या ८,३३३ आणि १३,३३३ च्या मध्येच असणार.

हप्ता कळला की वहीत चार रकाने आखा: सुरुवातीची बाकी, व्याज, मुद्दलफेड, शेवटची बाकी. पहिल्या महिन्यात व्याज ५,००० आणि मुद्दल ६,१२२. दुसऱ्यात व्याज ४,९३९ आणि मुद्दल ६,१८३. निदान सहा ओळी हाताने भरा. नफा-तोट्यात फक्त व्याज येतं, पूर्ण हप्ता नाही, हे या रकान्यांतून जितकं स्पष्ट होतं तितकं व्याख्येतून होत नाही.

‘फ्लॅट १० टक्के’ या शब्दांपासून सावध राहायलाही हेच गणित कामी येतं. १ लाख, तीन वर्षं, फ्लॅट १० टक्के: व्याज ३०,०००, हप्ता ३,६११. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागतं. घटत्या बाकीवर हिशेब केला तर हा दर वर्षाला जवळपास १७.९ टक्के पडतो. तो शोधायला थेट सूत्र नाही. महिन्याला १.४९ टक्के आणि १.५० टक्के दोन्ही घालून ३,६११ च्या हप्त्यात मुद्दल किती फिटतं ते उलट काढून पाहा, एक लाखाच्या एकदा वर आणि एकदा खाली उत्तर येईल, खरा दर त्या दोघांच्या मध्ये आहे. अशा अदमासाने उत्तराजवळ जाण्याची सवय पुढे अंतर्गत परताव्याच्या दराला लागते.

डेरिव्हेटिव्ह: एक नग जास्त काढला तर काय

ही पायरी नीट झाली तर निम्मं अर्थशास्त्र हाती येतं, म्हणून दोन-तीन आठवडे इथेच द्या. आधी साधं गणित. टॉवेलची किंमत १२० रुपये, प्रत्येक नगामागे सूत, रंगाई, मजुरी, वीज मिळून ८० रुपये, महिन्याचा स्थिर खर्च १ लाख. नगामागे ४० रुपये सुटतात, म्हणून ना नफा ना तोटा २,५०० नगांवर. आता किंमत १० टक्के कमी करा. १०८ वजा ८० म्हणजे २८, आणि तोच बिंदू ३,५७२ नगांवर जातो. १० टक्के सवलतीपायी तो गाठायला ४३ टक्के जास्त माल विकावा लागतो. सवलत किमतीतून जाते, पण भार सगळा त्या ४० रुपयांवर पडतो.

प्रत्यक्षात नगामागचा खर्च स्थिर राहत नाही. जादा पाळी, माग बंद पडणं, कसर यांमुळे तो वाढत जातो. म्हणून एकूण खर्च असा धरा:

एकूण खर्च = १,००,००० + ६० × नग + ०.००४ × नग × नग

दोन रकाने काढा. सरासरी खर्च म्हणजे एकूण खर्च भागिले नग. सीमांत खर्च म्हणजे याच सूत्राचं डेरिव्हेटिव्ह (नग वाढला की खर्च कोणत्या दराने वाढतो तो आकडा), ६० + ०.००८ × नग. दोघांचंही एकक रुपये प्रति नग आहे आणि इथेच गोंधळ होतो. सरासरी आजवरच्या सगळ्या नगांबद्दल बोलते, सीमांत फक्त पुढच्या नगाबद्दल.

महिन्याला ३,००० नगांवर एकूण खर्च ३,१६,०००, सरासरी १०५.३३, सीमांत ८४. अशा वेळी कुणी जादा ५०० टॉवेल ९५ रुपयांनी मागितले तर? सरासरी पाहणारा ‘दहा रुपये तोटा’ म्हणून नाही म्हणेल. पण ३,५०० नगांचा एकूण खर्च ३,५९,००० आहे, म्हणजे वाढीव ४३,००० आणि नगाला ८६. ऑर्डर घेतली तर ४,५०० रुपये जास्त हाती येतात. अट इतकीच की जुने गिऱ्हाईक उद्या तोच ९५ चा भाव मागायला येऊ नयेत. ते सूत्रात नाही, निर्णयात धरावं लागतं. उत्तर ८६ आलं आणि डेरिव्हेटिव्ह ८४ सांगत होतं, हा फरकही समजून घ्या. डेरिव्हेटिव्ह त्या बिंदूवरचा उतार आहे, ५०० नग पुढे गेल्यावर उतार बदललेला असतो.

सरासरी खर्च सर्वांत कमी कुठे? जिथे सरासरी आणि सीमांत समान होतात तिथे. इथे ५,००० नगांवर, दोन्ही १०० रुपये. मग ५,००० नग काढणं सर्वांत फायद्याचं, असं उत्तर परीक्षेत फार जण लिहितात आणि ते चूक आहे. १२० च्या भावाला ५,००० नगांवर नफा १ लाख आहे. नफा सर्वाधिक असतो सीमांत खर्च किमतीला जुळतो तिथे: ६० + ०.००८ × नग = १२०, म्हणजे ७,५०० नग. तिथे विक्री ९ लाख, खर्च ७,७५,०००, नफा १,२५,०००. सरासरी खर्च १०३.३३ वर चढलेला असूनही नफा जास्त आहे. नफ्याचं दुसरं डेरिव्हेटिव्ह (उणे ०.००८) ऋण आहे, म्हणून हे शिखर आहे, दरी नव्हे. आणि एवढे नग मागांवर खरोखर निघतात का, हे तपासल्याशिवाय ७,५०० हा आकडा कुणाला सांगू नका.

याच सूत्रावर ना नफा ना तोट्याचा बिंदू काढला तर वर्गसमीकरण मिळतं आणि उत्तरं दोन येतात: सुमारे १,९१० आणि १३,०९०. दुसरं फेकून देऊ नका. त्यापुढे प्रत्येक नग तोट्यात नेतो.

लवचिकता: लॉग का घ्यायचे

सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांद्याची आवक वाढली की भाव का कोसळतो, हे लवचिकतेतून कळतं. मागणीची लवचिकता उणे ०.५ धरू: भाव १ टक्का वाढला तर खप अर्धा टक्का घटतो. उलट बाजूने पाहिलं तर आवक १ टक्का वाढली, ती सगळी विकायची असेल तर भाव साधारण २ टक्के पडावा लागतो. आवक १० टक्के वाढली तर? २० टक्के हे उत्तर ढोबळ आहे. १.१० चा नैसर्गिक लॉग (ln) ०.०९५३, त्याला उणे २ ने गुणा, उणे ०.१९०६, आणि परत घातात आणा (e चा उणे ०.१९०६ वा घात): ०.८२६. भाव १७.४ टक्के पडला. एकूण पैसा १.१० × ०.८२६ = ०.९०९. माल दहा टक्के जास्त, सगळ्यांच्या हाती मिळून पैसा नऊ टक्के कमी.

शेतकऱ्याच्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीत) घसरण आणखी मोठी दिसते. १० क्विंटल, भाव १,६००, वाहतूक-हमाली-तोलाई मिळून ३,००० कपात: हाती १३,०००. भाव ८०० झाला, कपात तेवढीच: हाती ५,०००. भाव ५० टक्के पडला, पट्टी ६२ टक्के.

२,००० वरून १,६०० म्हणजे २० टक्के घट आणि परत येताना २५ टक्के वाढ, या विसंगतीवरही लॉगचा उपाय आहे: दोन्ही बाजूंनी फरक ०.२२३ च येतो, फक्त चिन्ह बदलतं. मात्र बाजारातल्या रोजच्या आवक-भावाचे लॉग घेऊन रेषा बसवली आणि तिच्या उताराला लवचिकता म्हटलं तर फसाल. ज्या दिवशी बाहेरच्या व्यापाऱ्यांची खरेदी जोरात असते त्या दिवसांत आवकही वाढते आणि भावही. तो उतार मागणी-पुरवठ्याची भेळ असतो. आधी वर्षाचे महिने वेगळे करा, बाहेरची खरेदी वेगळी नोंदवा, मग रेषेकडे या.

वर्तमान मूल्य: कधीचे रुपये?

एका एकराच्या डाळिंब बागेचा हिशेब धरू, रक्कम प्रत्येक वर्षाच्या शेवटी. लागवडीला आज २,५०,००० खर्च. पहिल्या वर्षी आणखी ८०,००० खर्च. दुसऱ्या वर्षी निव्वळ ६०,००० हाती, तिसऱ्या वर्षी २ लाख, चौथ्या आणि पाचव्या वर्षी २,४०,००० प्रत्येकी. सरळ बेरीज ४,१०,००० नफा दाखवते. १२ टक्के वार्षिक दराने प्रत्येक रक्कम आजच्या मूल्यावर आणा: पहिल्या वर्षाची १.१२ ने भागून, दुसऱ्याची १.१२ च्या वर्गाने, असं पुढे. येतात उणे ७१,४२९, मग ४७,८३२, १,४२,३५६, १,५२,५२४ आणि १,३६,१८२. त्यातून आजचे २,५०,००० वजा केले की निव्वळ वर्तमान मूल्य १,५७,४६५ उरतं (पैसे धरले तर एखादा रुपया इकडेतिकडे).

आता चौथ्या वर्षी तेल्या रोग आला आणि बहार हातचा गेला असं धरा. १,५२,५२४ गेले, उरले पाच हजारांच्या आत. डाळिंबाच्या हिशेबात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे, रोगाचं व्यवस्थापन आणि खर्चाचे प्रत्यक्ष आकडे घालायला तिथली प्रकाशनं वापरा. एकच वर्ष शून्य करून पाहणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी चाचणी आहे. एकेक वर्ष शून्य करा आणि कोणत्या वर्षावर सगळा डोलारा उभा आहे ते शोधा.

एक्सेलमध्ये इथे हमखास चूक होते. त्यातलं एनपीव्ही हे फंक्शन पहिली रक्कमही एक वर्षानंतरची धरतं. आजचे २,५०,००० त्याच रांगेत दिले तर उत्तर १,४०,५९४ येतं. आजची रक्कम फंक्शनच्या बाहेर ठेवा आणि नंतर मिळवा.

निव्वळ मूल्य शून्य करणारा दर म्हणजे अंतर्गत परताव्याचा दर. २५ टक्क्यांना ३,७४७ उरतात, २६ ला उणे ४,९२६, म्हणून तो साधारण २५.४. रांगेत ऋण-धन चिन्ह एकदाच बदलत असेल तर त्यावर भिस्त ठेवा. मध्येच बाग उपटून पुन्हा लावायचा खर्च आला तर एकापेक्षा जास्त दर निघू शकतात. तेव्हा निव्वळ मूल्यच पाहा.

महागाईही जोडावीच लागते. १२ टक्के दर आणि ५ टक्के महागाई असेल तर खरा दर १.१२ भागिले १.०५, म्हणजे ६.६७ टक्के. रकमा आजच्या भावाने लिहिल्या असतील तर हा दर, भाववाढ धरून लिहिल्या असतील तर १२. दोन्ही मिसळले की बाग उगीच तोट्यात किंवा उगीच फायद्यात दिसते.

रेषीय नियोजन: चादर किती, टॉवेल किती

सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगाचा प्रश्न आला, यंत्रांवर कामं कशी वाटायची असा, आणि त्यातून १९३९ मध्ये मर्यादांच्या आत सर्वांत फायद्याची वाटणी शोधायची ही पद्धत मांडली गेली. १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना अर्थशास्त्रज्ञ कूपमन्स यांच्यासोबत मिळालं. आपल्या कारखान्यातला प्रश्न त्याच जातीचा आहे.

आठवड्याला ४०० माग-तास आणि ५६० किलो सूत. एका चादरीला १ तास आणि १.२ किलो, सुटतात ९० रुपये. एका टॉवेलला पाव तास आणि ०.४ किलो, सुटतात २८. दोन मर्यादा कागदावर रेषा म्हणून काढा आणि कोपरे तपासा. फक्त चादरी: ४०० नग, ३६,०००. फक्त टॉवेल: १,४०० नग (सूत संपतं, तास उरतात), ३९,२००. रेषा छेदतात तिथे: २०० चादरी आणि ८०० टॉवेल, ४०,४००. चादरीवर नगाला तिप्पट सुटतं म्हणून फक्त चादरी काढणारा आठवड्याला ४,४०० रुपये सोडतो.

इथेच थांबू नका. खरी माहिती मर्यादांच्या छाया-किमतीत आहे, म्हणजे एक तास किंवा एक किलो जास्त मिळाला तर किती जास्त सुटतं त्यात. एका तासाची किंमत ‘त’ आणि एका किलोची ‘स’ धरून दोन समीकरणं सोडवा: त + १.२ स = ९०, ०.२५ त + ०.४ स = २८. येतं त = २४, स = ५५. ताळा करा: ४०० × २४ + ५६० × ५५ = ४०,४००, जुळलं. अर्थ असा की बाजारभावाहून किलोला ५५ रुपयांपर्यंत जास्त देऊन सूत घेणं परवडतं, आणि नेहमीपेक्षा तासाला २४ रुपयांहून जास्त वाढीव खर्च येत असेल तर जादा पाळी परवडत नाही. कॅल्क्युलसमधला लग्रांजचा गुणक हीच गोष्ट सांगतो. तो पाठ करण्याआधी हे उदाहरण करा.

या किमती सर्वत्र लागू नाहीत. तास ४०० ठेवून सूत ४८० ते ६४० किलोच्या मध्ये असेल तोवरच ५५ खरे. ६४० च्या पुढे फक्त टॉवेल उरतात, तास अपुरे पडतात आणि जादा सुताची किंमत शून्य होते. ४८० च्या खाली टॉवेल संपतात, फक्त चादरी उरतात, तास शिल्लक पडतात आणि प्रत्येक किलो ७५ रुपयांचा होतो (९० भागिले १.२).